संस्थेत असते, पण नोकरी कुठे करते?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवटीतल्या एका घरी गेले होते. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि मग बायकांच्या घोळक्यात नेहमीचा विषय निघाला, कोणाची मुलगी काय करते. एकीची पुण्याला आयटीत, एकीची बँकेत, एकीची लग्न होऊन दुबईला. घरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘आमची धाकटी संस्थेत असते. पेठ तालुक्यात. कुपोषणाचं काम करतात ते.’’ सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. एक जण म्हणाली, ‘‘वा, समाजसेवा करते! छानच हो.’’ आणि लगेच तिनेच विचारलं, ‘‘पण नोकरी कुठे करते?’’

वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘हीच नोकरी आहे अहो तिची.’’

मुलगी एम.एस.डब्ल्यू. झालेली. सकाळी सहाची एस.टी. पकडून निघते, पाड्यापाड्यावर फिरते, मुलांची वजनं घेते, आयांशी बोलते, रात्री घरी येऊन लॅपटॉपवर अहवाल भरते. बँकेतल्या मुलीपेक्षा हिचे तास जास्तच भरतील. तरीही हिच्या कामाला नोकरी म्हणताना आईचा आवाज खाली गेला. घरी परतताना वाटेत तो आवाजच माझ्या डोक्यात होता. आपल्या मुलीच्या कष्टाच्या कमाईबद्दल बोलताना एका आईला ओशाळं का वाटावं?

मैत्रिणींनो, प्रश्न एका वहिनींचा नाही. आज हजारो मुली आणि बायका स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करतात. कोणी समाजकार्याची पदवी घेऊन येते, कोणी गावातलीच बारावी झालेली सून असते, कोणी हिशेब लिहिते, कोणी समुपदेशन करते. सरकारच्याच सांख्यिकी खात्याने केलेल्या गणनेत २००८ सालापर्यंत देशात ३१ लाखांहून अधिक ना-नफा संस्थांची नोंद आढळली होती. त्यातल्या कितीतरी कागदावरच असतील, हे मान्य. तरी हे क्षेत्र आता चार भल्या माणसांच्या हौसेचं राहिलेलं नाही. तिथे लोक पोटासाठी काम करतात. आपण मात्र अजून ‘समाजसेवा’ या एका शब्दाने त्यांची बोळवण करतो.

नाशिकची पुण्याई

आपल्या नाशिक जिल्ह्याला या कामाची मोठी परंपरा आहे. दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं आणि आदिवासी मुलांसाठी शाळा-वसतिगृहांची वाट धरली. रजनीताई लिमये या शिक्षिका. स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने मतिमंद मुलांचं दुःख त्यांनी जवळून पाहिलं आणि १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. सिन्नरच्या ‘युवामित्र’ने देवनदीवरचे ब्रिटिशकालीन बंधारे आणि पाट पुन्हा वाहते केले, शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. अश्विनी कुलकर्णींची ‘प्रगती अभियान’ रोजगार हमीच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अभ्यास करत, लिहीत, भांडत आली. माध्यमांच्या शिक्षणात ‘अभिव्यक्ती’ आहे, आदिवासी भागातल्या आरोग्यात ‘वचन’ आहे. ही नावं अभिमानाने घेतली. पुढे जी तक्रार मांडणार आहे ती यांच्यापैकी कोणाबद्दल नाही. ती या सबंध क्षेत्राच्या रीतीबद्दल आहे, आणि ती रीत घालून देण्यात तुमचा-माझाही हात आहे.

रीत अशी, की काम जेवढं ‘चांगलं’, तेवढा त्याचा मोबदला मागणं वाईट.

सुरगाण्याच्या बाजूला एका संस्थेत काम करणारी ताई मागे भेटली होती. हसत हसत म्हणाली, ‘‘घरी सासूबाई विचारतात, पगार आला का? आणि हापिसात विचारावं तर म्हणतात, पगाराचं काय घेऊन बसलीस, हे पवित्र काम आहे. बाई, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला गेले तर हातात जास्त पडतात. पण तिथे मला कोणी ताई म्हणत नाही.’’

या हसण्याखाली काय दडलंय ते बायकांना वेगळं सांगायला नको.

मानधन नावाचा शब्द

आपल्या भाषेत कामाच्या पैशाला किती शब्द आहेत बघा. साहेबाला वेतन मिळतं, कारकुनाला पगार, मजुराला मजुरी. संस्थेतल्या ताईला मात्र मानधन. शब्द किती गोड! पण मानधन म्हटलं की किमान वेतनाचा, भविष्य निर्वाह निधीचा, भरपगारी रजेचा विषय आपोआप बाजूला पडतो. मान आधी देऊन टाकला की धन कमी दिलं तरी चालतं.

आणि ही गोष्ट संस्थांपुरती राहिली नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांनी देशाला मोठमोठ्या कल्पना दिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन गावाची आरोग्यसेवा त्यांच्या हाती सोपवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. २००५ नंतर ‘आशा’ आल्या आणि पुढे बाळांच्या घरभेटींचं कामही त्यांच्याकडे गेलं.

सरकारने संस्थांकडून कल्पना घेतल्या, तशी शब्दांची चालही उचलली. अंगणवाडी ‘सेविका’, आशा ‘स्वयंसेविका’. दोघींनाही वेतन नाही. एकीला मानधन, दुसरीला कामागणिक मोबदला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यांच्या मागण्यांमध्ये मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन होती. आम्ही रोज कामावर येतो, तर आम्हाला कामगार समजा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातमधल्या प्रकरणात, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला होता. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाचा तो निकाल. ‘मानधन’ म्हटल्याने काम हौसेचं होत नाही, हा त्यातला आपल्यासाठी धडा.

अंगणवाडी सेविकांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, कोर्टात गेल्या. संस्थेतली ताई काय करणार? ती पाच जणींच्या कार्यालयात असते. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते तिचे ‘सर’ किंवा ‘काका’ असतात, दिवाळीला तिच्या घरी फराळाला आलेले. भांडायचं कोणाशी?

त्याग कोणाचा, भार कोणावर?

या रीतीची मुळं आपल्याच इतिहासात आहेत आणि ती आदराची आहेत, म्हणून तर उपटायला जड जातात. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली. तिचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस-वीस वर्षं शिकवण्याचं व्रत घेत. त्या काळातही पैशाचा प्रश्न सुटलेला नव्हता बरं का. पगार वाढावा का, बाहेरचं काम करावं का, यावरून मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. एवढी मोठी माणसं, पण पगार हा विषय त्यांनाही टाळता आला नाही. मग आजच्या एखाद्या मुलीने तो काढला तर तिची निष्ठा कमी कशी?

आणखी एक गोष्ट. महर्षी कर्व्यांचा त्याग आपण शाळेत शिकलो. आपली मिळकत त्यांनी संस्थेत घातली. पण घर कोणी चालवलं? बाया कर्वे यांनी. त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं, संसाराला हातभार लावला आणि शिवाय संस्थेसाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी ते सारं रोखठोक लिहिलं आहे. एकाच्या त्यागाचा भार घरातली दुसरी व्यक्ती उचलत होती.

आजही तसंच चालतं, फक्त माणसं बदलली. संस्थेत कमी पगारावर टिकणाऱ्या बाया पाहा. एक तर नवऱ्याचा पगार घरात येतो म्हणून टिकतात, नाहीतर दुसरी वाटच नाही म्हणून. पहिलीला म्हणतात, ‘‘तुला कुठे गरज आहे?’’ दुसरीला म्हणतात, ‘‘इथे निदान मान तरी आहे.’’ दोघींचाही पगार वाढत नाही. ज्या मुलीला आईवडिलांचं कर्ज फेडायचंय, जिला एकटीने घर चालवायचंय, तिला हे क्षेत्र परवडत नाही आणि ती निघून जाते. म्हणजे ज्यांनी गरिबी सोसली आहे, त्यांनाच गरिबीवर काम करणं परवडू नये, अशी ही व्यवस्था झाली.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. फुकट राबण्याचा बायकांना असा सराव आधीच आहे. संस्थांना स्वस्तात माणसं मिळतात त्यात या सरावाचा वाटा आहे, असं मला तरी वाटतं.

पैसा येतो कुठून, अडतो कुठे?

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. एका संस्थाचालक बाईंना मी हे सारं बोलून दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘देणगीदार म्हणतात, आमचा पैसा गरिबांपर्यंत पोचू दे, पगारात नको जायला. आता मला सांग, मुलाला शिकवणारी बाई पगार घेणार नसेल तर शिक्षण त्याच्यापर्यंत पोचणार कसं? वह्या चालत जातात का पाड्यावर?’’

त्यांचं दुखणं खरं आहे. गेल्या काही वर्षांत ते वाढलंही आहे. विदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. आधी परदेशी देणगीतला ५० टक्क्यांपर्यंत भाग प्रशासकीय खर्चाला वापरता यायचा, तो २० टक्क्यांवर आणला. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत, पण कार्यालयातला पगार, भाडं, हिशेब तपासणी हे सगळं त्या २० टक्क्यांत बसवायचं. शिवाय एका संस्थेने परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. आधी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेला पैसा मिळायचा आणि ती त्यातला काही तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या छोट्या संस्थेला द्यायची. छोटीला परदेशी देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार जमत नसे, पण पाड्यावरचं काम तीच करायची. तो झरा आटला. पैशांचा गैरवापर थांबावा हा सरकारने सांगितलेला हेतू. हेतू वाईट नाही, पण शेवटी कोणाचा हुद्दा आधी रद्द झाला? संचालकांचा नक्कीच नाही.

मग आल्या कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. त्यातून मोठा पैसा आला, नव्या नोकऱ्या आल्या, हे मान्यच करायला हवं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या, सादरीकरण करता येणाऱ्या मुलींना त्यात बऱ्या पगाराच्या जागा मिळाल्या. पण कंपनीला कायदाच सांगतो की आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. म्हणजे सातपूर-अंबडच्या जवळच्या शाळेला रंग लागतो आणि सुरगाण्याच्या शाळेपर्यंत डबा पोचेपर्यंत रंग संपतो. शिवाय कंपनीचं गणित मार्च ते मार्च. बहुतेक प्रकल्प एका वर्षाचे, म्हणून नेमणूक अकरा महिन्यांची. कुपोषण काही मार्चअखेर संपत नाही, पण ताईची नोकरी संपते.

आणि परदेशातला एक कागद किती जणांच्या चुली बंद करू शकतो ते आपण २०२५ मध्ये पाहिलं. २० जानेवारीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा आदेश काढला. त्या पैशावर चालणारी तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद पडली. रुग्णांचे हाल झाले, आणि तिथे काम करणारे, त्यात स्वतः तृतीयपंथी असलेले, एका फटक्यात घरी बसले. १ जुलै २०२५ ला ‘यूएसएड’ ही मदतसंस्थाच मोडीत निघाली.

समाजकार्य जिथे शिकवतात तिथेही हीच तऱ्हा. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय. २८ जून २०२४ रोजी तिथल्या आणि तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी इथल्या मिळून शंभराहून अधिक अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना कमी केल्याच्या नोटिसा गेल्या, कारण ट्रस्टकडून येणारा त्यांच्या पगाराचा पैसा लांबला होता. बरीच वर्षं काम केलेली माणसं होती ती. ओरड झाली, ट्रस्टने पैशाची हमी दिली आणि दोन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. पण कंत्राटावरच्या माणसाची झोप अशी दोन दिवसांत परत येत नाही.

कायद्याने दिलेलं, कायद्याने राखून ठेवलेलं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, तो वेगळा विषय. आपल्या ताईच्या दृष्टीने त्यात एक चांगली आणि एक वाईट बातमी आहे.

चांगली ही, की ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांना ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागणार नाही. एक वर्षाची सेवा झाली तरी त्या प्रमाणात ती मिळू शकते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे हे लागू होतं. प्रकल्पामागून प्रकल्प करत आयुष्य काढणाऱ्या बाईसाठी ही मोठीच गोष्ट आहे. अर्थात, अकरा महिन्यांनी कागद बदलायची जुनी युक्ती चालू राहिली तर वर्ष भरणारच नाही, हेही लक्षात ठेवा.

वाईट बातमी औद्योगिक संबंध संहितेत आहे. ‘उद्योग’ कशाला म्हणायचं याची तिथे व्याख्या आहे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या इतकी रुंद केली होती की अनेक धर्मादाय संस्थाही तिच्यात येत. नव्या संहितेने पूर्णतः किंवा बहुतांशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या. सोप्या भाषेत सांगायचं तर, कारखान्यातल्या कामगाराला अन्यायाने काढलं तर तो ज्या दाराशी जाऊन दाद मागतो, ते दार संस्थेतल्या ताईला बंद आहे. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणाऱ्या बाईचा स्वतःचा हक्क मात्र मालकाच्या चांगुलपणावर सोडलेला.

तरी काही गोष्टी पक्क्या आहेत आणि त्या माहीत असल्याच पाहिजेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणांची जी यादी आहे, तिच्यात संस्था, ट्रस्ट आणि सोसायट्यांचं नाव घेऊन उल्लेख आहे. दहा माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. गंमत बघा, त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीच्या समितीवर बाहेरची एक व्यक्ती स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार असावी लागते. आपल्या बाया दुसऱ्यांच्या समित्यांवर जाऊन बसतात आणि स्वतःच्या कार्यालयात समितीचा फलकही नसतो, असं होऊ नये.

मग मुलीने जावं की नाही?

जावं. जरूर जावं. पण डोळे उघडे ठेवून जावं, आणि नोकरी म्हणूनच जावं.

जाण्याआधी चार प्रश्न विचारावेत आणि ते विचारताना लाजू नये. नियुक्तीपत्र मिळेल का? प्रकल्प किती महिन्यांचा, आणि तो संपल्यावर माझं काय? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? पाड्यावर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा मिळतो की त्याच पगारात? रात्री मुक्काम पडला तर सोय काय? बाळंतपणाच्या रजेचं काय? जी संस्था या प्रश्नांनी नाराज होते, तिच्याकडे काम करताना पुढे काय होईल याची कल्पना तिथेच येते. उलट जी म्हणते, ‘‘निधी एवढाच आहे, पण हे कागद बघ,’’ तिथे पगार थोडा कमी असला तरी विचार करावा.

नोकरी लागल्यावर एखादं कौशल्य हाताशी ठेवावं. हिशेब, अहवाल लिहिणं, माहितीचं विश्लेषण, प्रशिक्षण देणं, समुपदेशन, यातलं काहीही. प्रकल्प बदलतात, कौशल्य बरोबर येतं. शहरातल्या मुलींना दोन-दोन वर्षांच्या फेलोशिपा मिळतात, त्यातून ओळखी होतात, पुढची दारं उघडतात. गावातल्या ताईला ती शिडी नसते. दहा वर्षं ‘कार्यकर्ती’च राहते आणि तिने गोळा केलेल्या माहितीवर अहवाल लिहिणारी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी तिची ‘मॅडम’ होते. आपल्या नाशकात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून शिकण्यासाठीच ते निघालं. संस्थांनी आपल्या ताईंची तिथली फी भरावी आणि पदवी आली की पदही वाढवावं. याला फार मोठा निधी लागत नाही.

आणि आपण, वाचणाऱ्या? आपल्यापैकी कोणी वाढदिवसाला देणगी देते, कोणी महिला मंडळातून वर्गणी गोळा करते, कोणी एखाद्या ट्रस्टवर विश्वस्त आहे. देणगी देताना आपण विचारतो, ‘‘यातले किती मुलांपर्यंत जातात?’’ त्यापुढे एक प्रश्न जोडू या: ‘‘मुलांसाठी राबणारीला तुम्ही किती देता?’’ आणि पावतीवर लिहू या, ‘‘ही रक्कम पगारासाठी वापरली तरी चालेल.’’ खाऊ आणि वह्या देणारे खूप असतात. पगाराला पैसे देणारं कोणी नसतं. विश्वस्तांनी तर वर्षातून एकदा स्वतःला विचारावं, की आपल्याच संस्थेत माझ्या मुलीने या पगारावर काम केलेलं मला चालेल का?

पगार नीट दिले तर सेवेचा धंदा होईल, अशी भीती काही ज्येष्ठ कार्यकर्ते बोलून दाखवतात. गाड्या उडवणाऱ्या, पंचतारांकित हॉटेलात गरिबीवर चर्चासत्रं घेणाऱ्या संस्था त्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे ती भीती अगदीच पोकळ नाही. पण त्या उधळपट्टीची शिक्षा पाड्यावर चालत जाणाऱ्या ताईला कशाला? वरच्यांच्या पगाराला मर्यादा घाला, हिशेब भिंतीवर लावा, कोण हरकत घेणार आहे? परिचारिका पगार घेते म्हणून तिच्या हातातली माया कमी होत नाही. शिक्षिकेला वेतन आयोग मिळाला म्हणून ती मुलांना कमी जीव लावत नाही.

हळदीकुंकवाच्या त्या वहिनींना मी परवा फोन केला. म्हटलं, मुलगी कशी आहे? म्हणाल्या, ‘‘बरी आहे. पण मार्च जवळ आला की घरात कोणी तिच्याशी मोठ्याने बोलत नाही. नव्या प्रकल्पाचं पत्र येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो.’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी मी उगाच हळू बोलले. पुढच्या वेळी सांगेन, ती नोकरी करते. कुपोषित मुलांना उभं करायची नोकरी करते.’’

एवढं त्यांनी म्हटलं तरी सुरुवात झाली. उरलेलं, म्हणजे त्या नोकरीला नोकरीचा पगार, मात्र आपण सगळ्यांनी मिळून द्यायचंय.